काट्याशिवाय सत्तर टन

विमानात बसण्याआधी तुमची बॅग काट्यावर जाते. पंधरा किलोंच्या वर थोडी गेली तर काउंटरवर हुज्जतही होते. तुम्हाला स्वतःला मात्र कोणी काट्यावर उभं करत नाही, आणि विमानालाही नाही. रिकामं विमान काही वर्षांतून एकदा हँगरमध्ये काट्यांवर चढवून मोजतात. त्यानंतरच्या हजारो उड्डाणांत त्याचं वजन फक्त हिशेबात वाढतं आणि हिशेबातच घटतं. सत्तर टनांचं यंत्र जमीन सोडतं ते एका बेरजेच्या भरवशावर, आणि ही बेरीज आता जवळजवळ पूर्णपणे कॉम्प्युटरच्या हाती आहे.

ठाकुर्लीकराला हे जरा जास्तच अजब वाटतं. आमच्या स्टेशनात स्लो लोकल थांबते तेव्हा वजन हा विषयच नसतो. खच्चून भरलेल्या डब्याला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं, असा त्याचा अर्थ. सगळे कल्याणच्या बाजूच्या डब्यांत कोंबले गेले आणि मुंबईच्या बाजूचे डबे मोकळे राहिले, तरी मोटरमन गाडी तशीच हाकतो. आणि नव्वद फुटी रस्त्यावरून मान वर केली की मुंबईत उतरायला वळणारी विमानं दिसतात. त्यातल्या प्रत्येकात पुढच्या भागात किती माणसं बसली आहेत आणि मागच्या भागात किती, याचासुद्धा हिशेब झालेला असतो.

हा हिशेब एकदा करूनच बघू. मुंबई ते दिल्ली, एअरबस ए३२० निओ, १८० आसनं, सगळी भरलेली. आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत. वैमानिक, केबिन क्रू, खाण्याच्या ट्रॉल्या, पाणी या सगळ्यासकट विमान धरा ४५ टन. माणसांसाठी ठरलेला प्रमाण आकडा असतो. भारतात रूढ असलेला हिशेब म्हणजे मोठं माणूस ७५ किलो, मूल ३५, मांडीवरचं बाळ १०. त्या ७५ किलोंत हातातली बॅग, लॅपटॉप आणि मुलीकडे चाललेला फराळाचा डबाही आला. १८० गुणिले ७५ म्हणजे साडेतेरा टन. विमानाच्या पोटात गेलेल्या बॅगा प्रत्येकी १५ किलो धरल्या तर आणखी २.७ टन. एकूण झाले ६१.२ टन. इंधनाशिवायचं हे वजन, ज्याला विमानतळावर ‘झीरो फ्युएल वेट’ म्हणतात. त्यावर आठ टन इंधन घातलं की ६९.२. या विमानाची उड्डाणाची कमाल मर्यादा ७९ टन आहे, म्हणजे निघायला हरकत नाही. उतरण्याची मर्यादा वेगळी आणि कमी असते, ६७ टनांच्या आसपास. दिल्लीपर्यंत चारेक टन जळालेले असतील, तेव्हा तिथेही जमतं.

पण सरसकट ७५ किलो कसे चालतात? पहिल्या रांगेतला पैलवान ११० किलोंचा असेल आणि त्याच्या शेजारची कॉलेजची मुलगी ४५ किलोंची. इथे संख्याशास्त्र मदतीला येतं. समजा माणसागणिक वजनात पंधरा किलोंचा चढउतार आहे. मग १८० माणसांच्या बेरजेत तो १८० पट होत नाही, १८० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण साडेतेरा पटच होतो. जाडे आणि बारीक एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. उरतो दोनशे किलोंच्या आसपासचा फरक, सत्तर टनांत ०.३ टक्का. एकाही माणसाचं वजन ठाऊक नसताना सगळ्यांचं मिळून इतकं अचूक कळतं, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ही युक्ती लहान विमानात लंगडी पडते. १९ आसनांच्या विमानात जाडे-बारीक खोडले जायला माणसंच पुरेशी नसतात. त्याहून वाईट म्हणजे सरासरीच जुनी झालेली असली तर कोणतंही वर्गमूळ वाचवू शकत नाही. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटहून निघालेलं एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९०० डी नाक वर करून उठलं, तसंच उठत गेलं आणि कोसळलं. २१ जण गेले. शेपटीच्या नियंत्रणाची केबल चुकीची बसवली होती, हे एक कारण. दुसरं असं की विमानाचा भार प्रत्यक्षात हिशेबापेक्षा जास्त होता आणि मागे झुकलेला होता. कागदावर सगळं नियमात बसत होतं, कारण कागदावरची माणसं कित्येक वर्षांपूर्वीच्या सडपातळ सरासरीची होती. त्यानंतर अमेरिकेने प्रमाण आकडे वाढवले. युरोपात मोठ्या विमानांसाठी प्रौढ प्रवासी आता ८४ किलोंचा धरतात. २०२३ मध्ये एअर न्यूझीलंडने आणि २०२४ मध्ये फिनएअरने हेलसिंकीला प्रवाशांना राजीखुशीने काट्यावर उभं केलं, ते याच सरासरीची खातरजमा करायला.

बेरजेतला खरा पेच इंधनाचा. प्रवासाला लागेल तेवढं, त्यावर अंदाज चुकला तर थोडं, दिल्लीला धुकं असेल तर जयपूरला किंवा लखनौला जाण्यापुरतं, आणि सगळं फसलं तरी आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं. हे सगळं वाहून न्यायलाही इंधनच लागतं. मुंबईहून लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या प्रवासात एक टन जास्तीचं भरलं, तर त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त ते नुसतं उचलून नेण्यातच संपतो. म्हणजे किती इंधन भरायचं हे वजनावर अवलंबून, आणि वजन किती हे इंधनावर. गणिताच्या तासाला अशा प्रश्नाला सर ‘क्ष’ मानायला लावत. कॉम्प्युटर तसं करत नाही. तो एक आकडा धरून चालतो, त्यावरून इंधन काढतो, ते वजनात मिळवतो, पुन्हा काढतो, आणि उत्तर हलायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवतो. प्रत्येक फेरीत वाटेवरच्या टप्प्याटप्प्याचा वारा आणि तापमान तो बघतो. जगभरच्या विमानांसाठी वरच्या वाऱ्यांचा अंदाज देणारी केंद्रं दोनच, एकाचं नाव लंडन आणि दुसऱ्याचं वॉशिंग्टन. त्यांचे आकडे घेऊन उड्डाणाचा आराखडा आखणाऱ्या डिस्पॅचरच्या खोलीतला प्रोग्रॅम चार-पाच वाटा आणि आठ-दहा उंच्या ताडून बघतो, तेही डिस्पॅचरचा चहा निवायच्या आत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. नकाशावर ते थोडंसं वळण दिसतं. या बेरजेत मात्र वाट वाढली की इंधन वाढतं, इंधन वाढलं की वजन, आणि वजन वाढलं की पुन्हा इंधन.

वजन किती हा अर्धाच प्रश्न. ते कुठे आहे, हा उरलेला अर्धा. कावड खांद्यावर घेणाऱ्याला हे सांगायला नको. दोन्ही घागरी मिळून वजन तेवढंच असलं तरी एक भरलेली आणि एक अर्धी असेल तर दांडी खांद्यावर सरकवून घ्यावी लागते. विमानाचा खांदा म्हणजे पंख, आणि तो सरकवता येत नाही. म्हणून भारच नीट वाटावा लागतो. ए३२० ची लांबी साडेसदतीस मीटर. पण सगळ्या भाराचा मध्य ज्या पट्ट्यात असायला हवा, त्या पट्ट्याची रुंदी साधारण मीटरभर. भार फार पुढे गेला तर नाक उचलत नाही, फार मागे गेला तर नाक खाली येत नाही, आणि हे दुसरं जास्त घातक. या मध्यावरूनच शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन ठरतो आणि उड्डाणापूर्वी वैमानिक तो लावून ठेवतात.

अर्ध्या रिकाम्या विमानात ‘टेकऑफ होईपर्यंत आपापल्या जागीच बसा’ असं एअर होस्टेस का सांगते, ते यातून कळावं. खिडकी हवी म्हणून दहा-बाराजण मागे सरकले तर हिशेबाच्या कागदावरचा मध्य आणि खरा मध्य यांची फारकत होते. छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर विमानात तर हा खेळ डोळ्यांनी दिसतो. त्याचं प्रवाशांचं दार मागे असतं. चढताना-उतरताना गर्दी मागे गोळा झाली तर विमान शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली एक दांडा टेकवून ठेवतात. पुढच्या वेळी एटीआरने गेलात तर जिन्यापाशी वाकून जरूर बघा.

बारामती, धुळे, गोंदिया इथल्या फ्लाइंग स्कूलमधली मुलं हा सगळा हिशेब आधी हाताने शिकतात. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले एका ठरावीक रेषेपासूनचं तिचं अंतर, सगळ्या गुणाकारांची बेरीज, भागिले एकूण वजन. सातवी-आठवीच्या पलीकडचं यात काही नाही. तरी त्यातून निघणारं उत्तर चकित करतं. सेसना १७२ मध्ये चार सीटा असतात. पण टाकी काठोकाठ भरली तर साधारण अडीचशे किलोंचीच जागा उरते, म्हणजे तीन चांगली जेवलेली माणसं. चौथ्याला न्यायचं तर इंधन कमी घ्यायचं आणि जवळच जायचं. चार सीटा दिसल्या म्हणून चार माणसं बसवणं ही सवय रिक्षा स्टँडवर ठीक असते.

पूर्वी हे हिशेब कशावर होत? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. टपालाचं ओझं पंचवीसेक किलोंचं आणि हिशेबाला सोबत स्लाइड रूल. त्याच दशकात अमेरिकी नौदलातल्या फिलिप डाल्टन यांनी वेग, वारा आणि इंधन यांचं गणित करणारी गोल तबकडी बनवली. ई६बी या नावाने ती आजही विद्यार्थ्यांच्या दप्तरात असते, आणि विजेचा थेंब न लागणाऱ्या या वस्तूला सगळे बिनदिक्कत ‘फ्लाइट कॉम्प्युटर’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी आणि मालवाहू विमानांसाठी लिब्रास्कोप कंपनी खास भाराची पट्टी बनवत असे. माल चढवला की सरकता काटा हलवायचा आणि मध्य हद्दीत आहे की नाही ते वाचायचं. प्रत्येक जातीच्या विमानाला वेगळी पट्टी. ठाकुर्लीहून मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली ती याच युद्धाच्या काळात.  तशा धावपट्ट्यांवरून उडणाऱ्यांचा कॉम्प्युटर म्हणजे खिशातली पट्टी आणि पेन्सिल.

आता ते काम टॅबलेट करतो. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये आयपॅड वापरायला परवानगी दिली, आणि प्रत्येकाच्या खांद्यावरची नकाशे-तक्त्यांची सोळाएक किलोंची बॅग उतरली. हिशेबही बदलला. पूर्वी विमानतळागणिक छापील तक्ते असत. इतकं तापमान, इतका वारा, तर इतकं वजन चालेल. तक्ता सगळ्यांसाठी एकच, म्हणून त्यात भरपूर सावधगिरीची पेरणी. आता टॅबलेट या विमानाचं, या मिनिटाचं गणित करतो. धावपट्टी ओली आहे का, वारा किती अंशांतून आहे, पुढे टेकडी कुठे आहे. त्यातून तीन वेग निघतात. एक, ज्याच्या पुढे गेल्यावर काही बिघडलं तरी थांबायचं नाही. दुसरा, ज्याला नाक उचलायचं. तिसरा, एक इंजिन गेलं तरी चढत राहायला जो राखायचा.

याच गणितातला एक चलाखपणा मला फार आवडतो. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची. अर्ध्या भरलेल्या विमानाला इंजिनाचा पूर्ण जोर लागतच नाही, आणि पूर्ण जोर लावला की इंजिन लवकर झिजतं. मग काय करायचं? इंजिनाला खोटं सांगायचं. बाहेर ३२ अंश असताना कॉम्प्युटर गणित करून सांगतो की ५५ अंश टाका. इतक्या उष्ण हवेत इंजिन कमीच जोर देतं, आणि तेवढा जोर आज पुरेसा आहे हे कॉम्प्युटरने आधीच तपासलेलं असतं. वैमानिक कल्पित तापमान भरतात आणि इंजिन त्यावर विश्वास ठेवतं.

लेहला मात्र असली चैन नाही. ३,२५६ मीटर उंचीवरची विरळ हवा पंखांनाही कमी उचलते आणि इंजिनांनाही कमी पडते. तिथून निघणाऱ्या विमानांना कित्येकदा सीटा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा बॅगा मागे ठेवाव्या लागतात. विमानं सकाळची असतात, त्याचं एक कारण थंड हवा. उन्हं चढली की गणित बिघडतं.

इतकं सगळं झाल्यावर प्रश्न उरतो की कॉम्प्युटरला आकडा कोण सांगतो. आणि इथे गोष्ट गमतीची राहत नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून निघालं. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून लिटर मोजले आणि लिटरचे किलो करताना पौंडाचा गुणक वापरला. हवं होतं २२,३०० किलो, भरलं गेलं त्याच्या निम्म्याहून कमी. कॉकपिटमधल्या कॉम्प्युटरला २२,३०० सांगितलं. त्याने तो आकडा मुकाट घेतला आणि जळेल तसा त्यातून वजा करत राहिला. टाकी रिकामी झाली तेव्हाही त्याच्या हिशेबात भरपूर शिल्लक होती. विमान इंजिनांशिवाय तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरलं आणि सगळे ६९ जण वाचले.

२० मार्च २००९ ला मेलबर्नला एमिरेट्सच्या ए३४० च्या लॅपटॉपमध्ये वजन भरताना ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन टाइप झालं. लॅपटॉपने शंभर टन हलक्या विमानासाठी अगदी बरोबर उत्तर दिलं. जोर कमी, वेग कमी. धावपट्टी संपली तरी विमान उठेना. शेपटी घासली, पलीकडचे दिवे आणि अँटेना तुटले, आणि ऐनवेळी पूर्ण जोर लावल्याने २७५ जण वाचले. त्याच्या सहा वर्षं आधी ऑकलंडला सिंगापूर एअरलाइन्सच्या ७४७ ने हीच चूक केली होती, तीही बरोबर शंभर टनांची. हॅलिफॅक्सला १४ ऑक्टोबर २००४ च्या पहाटे एमके एअरलाइन्सचं मालवाहू ७४७ कोसळलं आणि सातही कर्मचारी मरण पावले. तिथे लॅपटॉपमध्ये आधीच्या उड्डाणाचं वजन राहून गेलं होतं. तिन्ही वेळा गणित चोख, आकडाच चुकीचा.

कधी कधी चूक बोटाची नसून प्रोग्रॅमची असते. २१ जुलै २०२० ला ब्रिटनच्या टुई कंपनीच्या विमानात ‘मिस’ असं नोंदवलेल्या ३८ बायकांना सॉफ्टवेअरने लहान मुली धरलं आणि प्रत्येकीचे ३५ किलो लावले. विमान हिशेबापेक्षा १,२४४ किलोंनी जड निघालं. सुदैवाने सुरक्षिततेच्या हद्दीतच होतं. आणि १ एप्रिल २०१९ ला अमेरिकेत वजनाचे हिशेब पुरवणाऱ्या एका कंपनीची यंत्रणा थोडा वेळ बंद पडली, तेव्हा पाच-सहा बड्या विमान कंपन्यांची धडधाकट विमानं भरल्या प्रवाशांनिशी जमिनीवर खोळंबली. आकडाच नव्हता.

म्हणून आता दोन वैमानिक दोन टॅबलेटवर एकमेकांचं न बघता गणित करतात आणि मग ताडून पाहतात. लोडशीट, म्हणजे वजनाच्या हिशेबाचा कागद, छोट्या प्रिंटरमधून चिंचोळ्या कागदावर येते. शेवटच्या मिनिटाला दोन प्रवासी उतरले तर तेवढी दुरुस्ती तिच्यावर हाताने होते. अनुभवी कॅप्टन कागद हातात घ्यायच्या आधीच मनाशी म्हणतो, आज अडुसष्ट-सत्तरच्या घरात असेल, आणि तिथे अठ्ठावन्न दिसलं तर सगळं थांबवून पुन्हा विचारतो.

मग चाकांतच काटा का बसवत नाहीत? बसवून पाहिले आहेत, काही मालवाहू विमानांत वापरलेही आहेत. पण उभ्या विमानाच्या पंखांवरून वारा गेला तरी ते थोडं उचललं जातं, जमिनीला उतार असतो, चाकांच्या दट्ट्यांमध्ये घर्षण असतं. आणि काट्याचीही निगा राखावी लागते.

ए३२० वर वेगळा उपाय आहे. जमीन सोडल्यावर त्याचे कॉम्प्युटर पंख हवेशी किती कोन करून आहेत आणि वेग किती आहे ते बघतात, आणि इतकं उचलायला किती वजन असायला हवं ते उलट काढतात. विमानाचं खरं वजन हवेत गेल्यावरच पहिल्यांदा मोजलं जातं. वैमानिकांनी भरलेल्या आकड्याशी त्याचा काही टनांचा फरक निघाला तर पडद्यावर ‘वजन तपासा’ अशी सूचना येते. टन-दीड टनाच्या फरकाला कॉम्प्युटर काही म्हणत नाहीत.